पांढऱ्या खुणेपर्यंत

हे गेले त्या वर्षीच्या थंडीत माझं मनगट मोडलं. सरपणाच्या ढिगातून एक ओंडका ओढायला गेले, तर त्याच्याबरोबर त्याचे सगळे भाऊबंद खाली आले. प्लास्टर निघालं त्या दिवशी मुलगा समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आई, झालं तेवढं पुरे. आता आमच्याकडे चल."

मी नाही म्हणाले. तो काही पहिल्या नकाराला उठणाऱ्यातला नाही, बापावर गेलाय. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी त्याने अट घातली. तांब्याचा बंब बंद. लाकूड, राख, फुंकणी, सगळं बंद. घरात नळ उघडला की गरम पाणी येईल अशी सोय करायची, आणि ती सोय मला एकटीला चालवता आली तर मी इथे राहायचं. नाही जमलं तर थंडी सरता सरता सामान बांधायचं आणि घर विकायचं.

"कबूल?" तो म्हणाला.

"कबूल." नळातून गरम पाणी काढण्यात न जमण्यासारखं काय असतं, असं मला वाटलं. तो जाताना बंबही गाडीत टाकून घेऊन गेला. म्हणाला, "नाहीतर तू पुन्हा पेटवशील." तेही खरंच होतं.

आमच्या घराला बाहेरून येणारी विजेची तार नाही. हे वीज कंपनीतच नोकरीला होते. साहेबाशी भांडले, राजीनामा दिला, आणि त्या रागात टेकडीच्या उतारावर हे घर बांधलं, तारेशिवाय चालणारं. खालच्या वस्तीतले लोक ह्यांना 'तारतोडे' म्हणायचे. ह्यांना ते आवडायचं. सुरुवातीची वर्षं आम्ही कंदिलावर काढली. मग छपरावर सौर पॅनेल आली, जिन्याखाली बॅटऱ्यांची रांग लागली. पहिलं पॅनेल बसलं त्या संध्याकाळी एकच बल्ब लागला, तोही पिवळा आणि मलूल. आम्ही तिघं त्याच्याखाली बसून जेवलो. मुलगा तेव्हा लहान होता. बल्बकडे बघत बघत जेवला आणि अर्धी भाजी मांडीवर सांडली. हे मोठ्याने हसले. तसं हसताना मी त्यांना पुढे फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते जेवण माझ्या लक्षात राहिलंय.

घराचे नियम होते. आभाळ भरून आलं की इस्त्री नाही. मिक्सर लावायचा तो भर दुपारीच. आणि पाणी. वरच्या झऱ्याचं पाणी नळीने घरामागच्या चढावरल्या टाकीत येतं आणि तिथून घरात. ह्यांनी घरातल्या प्रत्येक नळावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढला होता. नळाची चावी फिरवायची ती त्या खुणेपर्यंत, पुढे नाही. खुणेपर्यंत फिरवली की दोऱ्यासारखी धार यायची. कुणी पुढे नेली तर ह्यांना बसल्या जागी आवाजावरून कळायचं.

"कोण आहे रे तिकडे? झरा काय तुझ्या बापाचा आहे?"

मुलगा खालच्या आवाजात म्हणायचा, "हो की." आणि मी तोंड फिरवून हसायचे.

उन्हाळ्यात झरा आटायचा, नाही असं नाही. पण थंडीत टाकी भरून वाहायची, पाणी उतारावरून पार रस्त्यापर्यंत जायचं, तरी खूण तीच. अशाच एका थंडीत मुलगा नळ पुरा सोडून त्याखाली खेळत बसला, तर ह्यांनी त्याला रविवारचा सबंध दिवस झऱ्यावरून बादल्या वाहायला लावल्या. हाताला फोड आले त्याच्या. टाकीतलं पाणी तेव्हाही वाहून जात होतं, आणि तो त्यात बादल्या ओतत होता. त्यानंतर त्याला कधी सांगावं लागलं नाही. मला तर लग्नानंतर लवकरच सांगायची गरज उरली नव्हती. नळांवरचे ठिपके पुढे झिजून गेले, पुन्हा काढायचीही गरज पडली नाही.

गिझर घ्यायला आम्ही तिघं गेलो, मुलगा, सूनबाई आणि मी. बाजाराच्या रस्त्यावरचं दुकान, भिंतीभर गिझर टांगलेले, जणू पाहुण्यांच्या बॅगा. सूनबाईने मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. दुकानदार बोलघेवडा होता.

"घर कुठे म्हणालात?"

"वर, टेकडीवर."

"तारतोड्यांचं?" त्याने विचारलं आणि मग माझ्याकडे बघून खोकला काढला. "म्हणजे वीज तुमची तुम्हीच करता. मग हे विजेचे गिझर बघूसुद्धा नका. एक बादली तापेपर्यंत तुमच्या बॅटऱ्या माना टाकतील. गॅसवरचा घ्या, बिनटाकीचा. पाणी आतून जाता जाता तापतं, साठवायची भानगड नाही. अंघोळ झाली, नळ बंद केला की ज्योतही बंद."

त्याने दोन काढून दाखवले. एक छोटा, पांढऱ्या पत्र्याचा, आत टॉर्चचे सेल घालायचे. दुसरा मोठा, पुढे काळी काच, काचेवर आकडे.

"छोटा बारीक धारेवरसुद्धा पेटतो. पण आकडे नाहीत, बाकी काही नाही. मोठ्याला किती गरम हवं ते बोटाने सांगायचं. गॅसचं काही वेडंवाकडं झालं तर स्वतःहून बंद पडतो. वीज लागते, पण बल्बापुरती. फक्त ह्याला पाणी जोरात लागतं. नळ पुरा उघडला की पेटतो, अर्ध्या धारेला हा दाद देत नाही. पाणी जोरात येतं ना?"

"टाकी चढावर आहे," मुलगा म्हणाला. "नळ सोडला तर बादली उलटते."

ते खरंच होतं. मी मान डोलावली.

"तो छोटा कसा आहे?" मी खुर्चीतून विचारलं.

"आई, तसले दुकानाच्या मागे चहाचे कप धुवायला लावतात," मुलगा म्हणाला.

दुकानदार हसला. "आजी, मुलगा मोठा घेऊन देतोय तर घ्या की. माझा मुलगा मला चष्म्याची काडी बदलून देईना."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला कुठला बरा वाटतो?" मला तो काळ्या काचेचाच आवडला होता, खोटं कशाला बोलू. आयुष्यात आमच्या घरी आलेली प्रत्येक वस्तू ह्यांनी कुठून तरी जुनी आणून दुरुस्त केलेली. ही नवी कोरी होती. मी तिच्याकडे बोट केलं. मुलगा लगेच म्हणाला, "झालं तर मग."

न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर फिटरने तो बसवला, खाली सिलिंडर ठेवला, नळ्या जोडल्या. आत येऊन त्याने नळ सोडला. बाहेर भप् असा आवाज झाला, काचेवर आकडे उमटले आणि बादलीतून वाफ निघायला लागली. सूनबाईने हात घालून बघितला आणि चटकन मागे घेतला. मुलगा दारात उभा होता. "बघ आई, किती सोपं आहे. बटण चालू ठेवायचं, नळ उघडायचा." संध्याकाळच्या आत ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण चालू केलं, नळ उघडला. पाणी आलं, गार. थोडा वेळ वाहू दिलं, मग जीव राहिना म्हणून बंद केलं. बाहेर जाऊन बघितलं तर काळी काच काळीच. सिलिंडरचा खटका बघितला, बटण बंद करून चालू केलं, पुन्हा उघडला नळ. गारच. मग मी मुलाला फोन लावला.

"सिलिंडर उघडा आहे?"

"आहे."

"इन्व्हर्टर चालू आहे?"

"अरे, दिवे लागलेत घरात."

"मग तुझंच काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय ते सांग ना."

"राहू दे आई. सगळ्यांना सगळं जमतं असं नाही."

फिटर पुन्हा आला. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा टाकत होते, तेवढ्यात मला तो भप् आवाज ऐकू आला. जाऊन बघते तर बादली भरत आलेली आणि वाफा. "मशीन ठणठणीत आहे, आजी," तो म्हणाला. "तुमच्यावर रुसलंय." मी हसले. तो गेल्यावर तासाभराने मी नळ उघडला तर गार.

पुन्हा त्याला बोलवायची मला लाज वाटली. शेगडीवर पाणी तापवावं तर मनगट मोठं पातेलं उचलू देईना. तपेलीने थोडं थोडं तापवून बादलीत ओतायचे, चौथी तपेली ओतेपर्यंत पहिली निवलेली असायची. त्या वर्षी थंडी कडक होती. सकाळी नळाच्या चावीला हात लावला तरी बोटं बधिर व्हायची. अंघोळ झाली की मी चादर गुंडाळून शेगडीपुढे बसून राहायचे आणि दात वाजायचे थांबण्याची वाट बघायचे.

पण गारठ्याचं मला एवढं काही नाही. भीती वाटायला लागली ती वेगळीच. फिटरच्या हाताने पेटतो, मुलाच्या समोर पेटतो, माझ्याच हाताने पेटत नाही, म्हणजे मी काहीतरी करायचं विसरते आहे आणि विसरते आहे हेही मला कळत नाही. मी मोठ्याने बोलत करायला लागले. "बटण चालू केलं. सिलिंडर उघडा आहे. आता नळ उघडते." रिकाम्या न्हाणीघरात माझाच आवाज मला परका वाटायचा. दूध उतू गेलं तरी वाटायचं, हेही त्यातलंच. दूध काय, माझ्या हातून पूर्वीही उतू जायचं, पण तेव्हा मी दुधाला शिव्या द्यायचे. ह्यांच्या आईचं शेवटी शेवटी काय झालं ते मी पाहिलं होतं. सगळं तिचं मीच केलं होतं. म्हातारी मला बाई म्हणून हाक मारायची आणि विचारायची, "माझी सून कुठं गेली?"

मुलाचा फोन यायचा. "पेटला का?"

"नाही रे."

"बरं," तो म्हणायचा. "काळजी करू नको. आलो की बघू काय करायचं ते." त्याचा आवाज इतका मऊ असायचा की मला रडू यायचं. एकदा तर मी म्हणालेच, "मला घेऊनच जा रे तू." मग लगेच म्हटलं, "नको, थांब थोडं."

पुढे एका सकाळी तोंडाला साबण लावलेला, डोळ्यांत गेला. चांगलाच झोंबला. तांब्या कुठे गडगडला होता कुणास ठाऊक. चाचपडत नळाकडे गेले, चावी हाताला लागली ती धरून फिरवली, फिरवतच गेले. पाण्याचा लोट माझ्या हातावर आदळला. आणि बाहेर भिंतीवर भप् झालं.

आधी मला कळलंच नाही. मग पाणी कोमट झालं, मग गरम, मग चटका बसण्याइतकं. डोळे धुऊन मी नळाकडे बघत बसले. चावी मागे फिरवली, नेहमीएवढी. बाहेरची गुरगुर बंद झाली. पुढे फिरवली, भप्. मागे, बंद. अंग तसंच ओलं, मी लहान पोरासारखी नळ उघडत बंद करत बसले होते. दुकानदाराचं बोलणं मला तेव्हा आठवलं, अर्ध्या धारेला हा दाद देत नाही. मी ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती, कारण मी नळ अर्धाच उघडते हे मलाच माहीत नव्हतं. मी नळ उघडते एवढंच मला माहीत होतं.

त्या दिवशी मी दोनदा अंघोळ केली. डोकं शाबूत होतं माझं. दुपारी उन्हात केस सोडून बसले आणि विचार केला, दुकानात तर मुलगाही माझ्या शेजारी होता, त्याच्या कसं लक्षात आलं नाही? मग मीच म्हटलं, शहरात राहून इतकी वर्षं झाली, त्याच्या हाताची सवय सुटली असेल. कुठलं आठवणार त्याला. फोन मात्र केला नाही. म्हटलं, समोर पेटवून दाखवू, तोंड बघण्यासारखं होईल.

ते आले रविवारी. गाडीच्या मागच्या बाजूला घडी करून ठेवलेली खोकी दिसली, सामान भरायची. दोघांना न्हाणीघरात नेलं, बटण चालू केलं आणि नळ पुरा सोडला. बाहेर भप् झालं, आतमध्ये वाफ.

सूनबाई मनापासून हसली. "अहो आई, चालतोय की. काय ग बाई, किती घोर लावला होता आम्हाला." मग मुलाकडे वळून म्हणाली, "आणि तू पैज मारत होतास. आईच्या हाताने हा जन्मात पेटायचा नाही म्हणून."

मी नळ बंद केला.

"असं कधी म्हणाला हा?" मी तिला विचारलं.

"कधी म्हणजे, गिझर बसवून आम्ही परत निघालो तेव्हाच, गाडीत..." ती म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं. "मी चहा टाकते," म्हणाली आणि निघून गेली.

आम्ही दोघं उभे होतो, तिथे बसायला काही नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"मी नळ कुठवर फिरवते ते."

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग फोनवर एका शब्दाने सांगता आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला.

"मला वाटलं, माझं डोकं बिघडत चाललंय. तुझ्या आजीसारखं होणार माझं असं वाटलं मला. रोज."

त्याने भिंतीला पाठ टेकली. नळाकडे बघत म्हणाला, "मी वाट बघत होतो, आई. म्हटलं आज उघडेल, उद्या उघडेल. कुडकुडणारं माणूस एकदा तरी नळ पुरा उघडून बघतं गं. कुणीही बघेल. बाबांना जाऊन वर्ष झालं. तू अख्खी थंडी गारठत बसलीस पण खुणेपुढे गेली नाहीस. आणि म्हणे मला एकटीला राहता येतं."

"म्हणून मला वेडी ठरवायला निघालास?"

"वेडी नाही. तू आपणहून येशील असं वाटलं."

"आणि घर?"

"घर विकायचं होतं. विकायचंच होतं. खोटं नाही बोलणार." त्याचा आवाज चढला. "तुला काय वाटतं, माझ्या हाताची सवय सुटली? माझ्या स्वतःच्या घरात, दहाव्या मजल्यावर, जिथं पाणी कधी जात नाही, तिथंही मी नळ अर्धाच उघडतो. ही माझ्यावर ओरडते, शॉवरखाली काय भिजत ठेवलेल्या डाळीसारखा उभा असतोस म्हणून. दुकानात तो माणूस बोलला ना, तेव्हा माझा हातच मला आठवला. म्हटलं, हे घर विकलं जाईल, पाडलं जाईल, तेव्हा कुठे ही सवय सुटेल."

मला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण शेगडीपुढे चादरीत बसून काढलेल्या सकाळी आठवल्या, आणि फोनवरचा तो मऊ आवाज.

"अट तू घातली होतीस," मी म्हणाले.

"हो."

"पेटवून दाखवला."

"दाखवलास."

"मग ती खोकी परत घेऊन जा."

चहा झाला. सूनबाई एकटीच बोलत होती, बाजारभाव, शेजारणीची मांजर, काहीबाही. निघताना ती मला घट्ट भेटली आणि कानात म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो." तो गाडीत बसला होता. काच खाली करून म्हणाला, "सिलिंडरवाल्याचा नंबर तुझ्या फोनमध्ये घातलाय. आता तूच सांगत जा."

"सांगेन."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी फाटकाशी उभी राहिले. घर माझं राहिलं होतं, मला हवं तसं.

अंघोळ मी आता पुऱ्या नळाने करते. उघडताना आतल्या खोलीतून हाक येईल असं अजून वाटतं, येत नाही. रोज गरम पाणी, काचेवर आकडा. त्याची तक्रार नाही.

परवा झऱ्याकडची नळी निसटली आणि टाकीत पाणी येईना. चढावर जाऊन जोडून आले, पण येताना पाय सरकला आणि गुडघ्यावर आपटले. गुडघा टम्म सुजला. दोन दिवस भिंत धरून चालत होते. आधीच्या दिवसांत पहिला फोन मी मुलाला लावला असता, रडून घेतलं असतं, त्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या. आता तसं करता येत नाही. माझ्या तोंडून 'दुखतंय' असा शब्द गेला की तो काय म्हणेल आणि गाडीत काय घालून येईल ते मला ठाऊक आहे. बिघडलेलं काहीच आता मला त्याला सांगता येत नाही.

रविवारी त्याचा फोन आला.

"सगळं ठीक?"

"ठीक."

"पाणी?"

"येतंय की."

"तब्येत?"

"उत्तम. तू कसा आहेस?"

"मस्त," तो म्हणाला. साधी सर्दी झाली तरी मला अर्धा तास ऐकवणारा मुलगा माझा. त्याच्या आवाजात घोगरेपणा होता, पण मी विचारलं नाही. मग त्याने आमच्याकडे थंडी कमी झाली का ते विचारलं, मी म्हटलं, झाली, आणि तिकडे कशी आहे ते विचारलं.